आत्यांचा चहा

आमच्या ह्यांना वाटतं, माझं सगळं त्यांना ठाऊक आहे. मला राग कशाने येतो, कशाने उतरतो, साबुदाण्याच्या डब्यात मी काय लपवते – सगळं. पण ही एक गोष्ट त्यांनाही ठाऊक नाही. मुलीला नाही, चार बहिणींपैकी एकीलाही नाही. कितीदा तरी ओठांवर आली आणि कितीदा तरी गिळली. आज तुम्हाला सांगते – फक्त मध्ये बोलू नका, नाहीतर मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात पळेन.

कुठून सुरू करू? रशियापासूनच करते. ते सोपं आहे, कारण तिथे मी मजेत होते.

लोणीची मी, पिंपळवंडीला दिलेली. नव्वदीतली गोष्ट. हे औषधांच्या कंपनीत होते आणि कंपनीने ह्यांना व्होल्गा नदीकाठच्या एका शहरात पाठवलं. मागोमाग मी गेले, तीन वर्षांच्या लेकीला, प्राजूला घेऊन. मार्च महिना होता. आमच्याकडे गव्हाची काढणी चालू असते तेव्हा, आणि तिथे रस्त्याच्या कडेला कमरेएवढा मळकट बर्फ. पाचव्या मजल्यावरचं घर, दोन-दोन काचांच्या खिडक्या, खाली कोण काय बोलतंय त्यातला एक शब्द कळायचा नाही. पहिल्या रविवारी गावी फोन लावला आणि मी ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं – एवढं तरी माझ्या नावावर लिहा.

आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. आळीच्या तोंडाशी बानूभाभींचं किराणा दुकान, तिथे होता. दर रविवारी संध्याकाळी माझ्या सासूबाई – मी त्यांना आत्या म्हणायचे – पदर डोक्यावर घेऊन तिथे जाऊन बसायच्या. त्या बसल्या की साखर न्यायला आलेल्या बायकाही बसायच्या. मी रडले, तशा आत्या रडल्या. मग बानूभाभी रडल्या. सगळं दुकान रडलं म्हणे.

आणि मग काय झालं? मग तमाराबाई आल्या.

खालच्या मजल्यावर राहायच्या, रिटायर झालेल्या नर्स. मी गावाहून लोखंडी खलबत्ता नेला होता – हो, विमानातून, हे मला अजून त्यावरून चिडवतात – आणि एका सकाळी फरशीवर बसून दाण्याचा कूट करत होते. दहाव्या घावाला दारावर थाप. दारात पावणेसहा फूट उंचीची बाई, गाऊनवर स्वेटर, चेहरा लालेलाल. काय बोलली देव जाणे, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. मी घाबरून तिच्यापुढे कुटाची वाटी धरली. तिने चिमूटभर तोंडात टाकला. थांबली. पुन्हा चिमूट घेतली. आणि मग वाटी माझ्या हातातून काढून घेऊन ती आमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली, ती बारा वाजेपर्यंत उठली नाही.

त्या दिवसापासून माझं नशीब उघडलं. प्राजूला टोपी कानांवरून कशी बांधायची ते तमाराबाईंनी शिकवलं. कारण टोपी जरा वर सरकली की रस्त्यातल्या अनोळखी म्हाताऱ्या मला थांबवून रागवायच्या – अगदी आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांसारख्या, हक्काने. मला त्याचाच आधी लळा लागला. परक्या गावात आपल्या पोरीच्या कानांची काळजी करणारी माणसं आहेत म्हटल्यावर ते गाव परकं राहतं का? मी बाजारात बोटांनी आकडे दाखवायला शिकले. काळ्या पावावर लसणाचा ठेचा लावून खायला मी त्यांना शिकवलं. प्राजू बालवाडीत जायला लागली आणि महिन्याभरात मराठीत भांडेना, रशियनमध्ये भांडायला लागली.

आणि जूनमध्ये दाचा. शहराबाहेर तिथल्या लोकांची लहान लहान शेतं असतात, एकेक लाकडी खोली असलेली. त्याला दाचा म्हणतात. तमाराबाई शनिवारी आम्हाला घेऊन गेल्या. बटाट्याच्या ओळींत गवत माजलेलं. त्या कंबरेत वाकून एकेक काडी उपटायला लागल्या, दर दोन मिनिटांनी कंबर धरून उभ्या. मला राहवेना. मी साडीचा काचा मारला, त्यांच्या खोलीतून एक आखूड लोखंडी हत्यार शोधून काढलं – खुरप्याचा सावत्र भाऊ म्हणा – आणि ओळीत उकिडवी बसले. बसल्या बसल्या पुढे सरकत सरकत एक ओळ संपवली. दुसरी धरली. मान वर केली तर कुंपणाला शेजारपाजारचे दहा-बारा जण उभे! टाळ्या हो! माझ्या खुरपणीला टाळ्या! लोणीत बाप रोज सांगायचा, हिचा हात चालत नाही.

त्या संध्याकाळी नऊ वाजता ऊन होतं. अंगणात टेबल मांडून आम्ही चहा प्यायलो, बशीत काळ्या मनुक्यांसारख्या कुठल्याशा आंबट फळांचा मुरांबा. प्राजू अनवाणी पळत होती. माझ्या नखांत माती होती. मला स्पष्ट आठवतं, मी मनात म्हटलं – बाई, रुळलीस तू इथे.

जाऊन तीन महिने झाले होते. तीन. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्याच मातीच्या नखांनी मी फोन लावला. आत्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "रुळलीस का गं बाई?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही हो आत्या." आवाजही आपोआप रडका झाला.

का? मी अजून स्वतःला विचारते. गावी पेरणीचे दिवस, थोरल्या जाऊबाई एकट्या म्हशी बघणार, स्वयंपाक करणार, रानात जाणार – आणि मी सांगू, की मी मजेत आहे? सासर सोडून खुशीत असलेली सून कुणाला बघवते? निदान त्या दिवशी मला असं वाटलं. पण पुढच्या रविवारी? त्याच्या पुढच्या? तोवर मला सवयच लागली. रविवार आला की घसा बसवायचा, दोन मिनिटं हुंदके, फोन ठेवायचा आणि तमाराबाईंबरोबर घसरगाडी घेऊन टेकडीवर जायचं. तमाराबाईंनी एकदा घाबरून विचारलं, तुमच्याकडे दर रविवारी कोण मरतं? आणि प्राजू! ती बाहुलीच्या कानाला साबणाची डबी लावून खेळायची. "नाही हो आत्या," म्हणून मुसमुसायची आणि लगेच टुणकन उठून नाचायची. आम्ही हसून हसून लोळायचो. ह्यांना वाटायचं, मी सासूचं मन राखते आहे.

इथवरचं पाप लहान आहे, तुम्हीही म्हणाल. थांबा.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावी आलो. आता आत्या आणि चहा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. दिवसाला सहा वेळा. गुळाचा, काळाकुट्ट, बशीत ओतून. रानात जाताना भाकरी विसरतील, किटली विसरायच्या नाहीत. त्या संध्याकाळी जाऊबाईंनी सगळ्यांना कप भरले आणि आत्यांपुढे पेलाभर कोमट पाणी ठेवलं. आत्या ते बशीत ओतून फुंकर घालून प्यायल्या. मी जाऊबाईंना चुलीपाशी गाठून विचारलं.

"तुला म्हाईत न्हाई?" त्या म्हणाल्या. "आत्यांनी च्या सोडलाय. तू पयल्यांदा फोनवर रडलीस ना, तवापासनं. गावदेवीला बोलल्यात – सून तिकडं रुळली आसं तिच्या तोंडानं ऐकीन, तवाच घोट घीन. पंधरा दिवस च्याबिगर डोकं दुखून फडकं बांदून पडल्या व्हत्या. भावजींना मातूर पित्त झालंय म्हनून सांगितलंय, त्यांच्या जिवाला घोर नगं."

आता ऐका. हेच ते.

मला वाईट वाटायला हवं होतं ना? मला आनंद झाला. पोटातून उकळी फुटावी तसा आनंद. आम्ही पाच बहिणी, मी चौथी. माझ्यासाठी कुणी कधी घास मागे ठेवला नव्हता. आणि इथे एका बाईने माझ्यासाठी चहा सोडला होता! सगळ्या आळीला ते माहीत होतं. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. आत्या दहा पावलांवर ओट्यावर बसल्या होत्या. जाऊन एवढंच म्हणायचं होतं – आत्या, मी रुळले. तीन शब्द. जाऊबाई तिथल्या तिथे आधण ठेवणार होत्या.

मी नाही म्हटलं. मी महिनाभर गावी राहिले, रोज संध्याकाळी ते कोमट पाणी बघितलं आणि बोलले नाही. मला ते हवं होतं. ते संपावं असं मला वाटत नव्हतं.

परत गेले आणि पुन्हा रविवारी रडू लागले – आता ठरवून, जाणूनबुजून. सोमवार ते शनिवार मी हसत होते. मी बर्फावरून न पडता चालायला शिकले, बिटाच्या सूपला जिऱ्याची फोडणी दिली, प्राजूच्या बालवाडीत सगळ्या आयांना शेंगदाण्याचे लाडू वळायला लावले. इतकं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं, खोटं कशाला बोलू? आणि पिंपळवंडीत आत्या लग्नघरी, बारशाला, सांत्वनाला जाऊन चहाला नाही म्हणत होत्या. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं किती वाईट दिसतं, तुम्हाला ठाऊक आहे. थोरल्या जाऊबाईंच्या मुलीसाठी स्थळ बघायला घरची माणसं गेली, तिथे आत्यांनी कप मागे सारला आणि मुलाच्या मामांनी तोंड फिरवलं – आमच्या घरचं चालत न्हाई का पावण्यांना? सोयरीक मोडता मोडता राहिली. आत्यांनी भर बैठकीत सगळा नवस सांगितला, हात जोडले, तेव्हा ते निवळले. हे मला फोनवर कळलं. मी तेव्हाही बोलले नाही.

चौथं वर्ष संपत आलं होतं. एका रविवारी आत्यांना ताप म्हणून जाऊबाई दुकानात आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, आता तरी रूळ गं. परवा मी च्या पिऊन कप ठिवला, तर आत्या तो नाकाशी धरून बसल्या व्हत्या."

तो आठवडा मी जेवले नाही नीट. पुढच्या रविवारी आत्या आल्या. मी त्यांना विचारूच दिलं नाही. "आत्या, मी रुळले."

आत्यांनी ते तिथल्या तिथे ओरडून सगळ्या दुकानाला सांगितलं. आणि मग जो गलका उठला! कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणीतरी पोरांना पेढे आणायला पिटाळत होतं. बानूभाभींनी दुकानातच स्टो पेटवला. फोन ठेवायचा नाही म्हणून आत्यांनी बजावलं. मी ऐकत राहिले – स्टोचा आवाज, बशी पुसल्याचा आवाज, आणि मग आत्यांचा तो लांब, मोठा भुरका. "लई ग्वाड झालाय," आत्या म्हणाल्या आणि हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले आणि मग खरंच रडले. दुकानातल्या बायका म्हणाल्या, बिचारी आनंदानं रडती.

पुढे आम्ही कायमचे परत आलो. नवसाला देवी पावली, हे आत्यांनी अख्ख्या पंचक्रोशीत सांगितलं. माझी मान धरून त्यांनी मला देवीच्या पायावर घातलं, ओटी भरायला लावली. माझ्यासमोर पाहुण्यांना सांगायच्या, कशी चार वर्षं काढली पोरीनं. मी खाली बघायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

आता शेवटचं राहिलं. आत्या जायच्या आधीचा हिवाळा. बानूभाभींच्या मुलीचं, सलमाचं लग्न होऊन ती वर्षापूर्वी मस्कतला गेली होती आणि अजून फोनवर रडत होती. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते, तरी आम्ही दुकानातच जमायचो, ऊन खात. चहा आला. आत्यांनी बशी उचलली, मी कप उचलला. भाभींनी स्वतःसाठी कोमट पाणी घेतलं होतं.

"म्याबी सोडलाय," त्या म्हणाल्या. "आत्याबाईंवानी. सल्मा रुळली म्हनली की घीन." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला किती दिस लागलं व्हतं गं? खरं सांग."

त्यांनी खरं सांग असं म्हटलं होतं. आत्या शेजारी बसल्या होत्या, मोठ्या अभिमानाने माझ्या तोंडाकडे बघत.

"चार वर्षं," मी म्हणाले.

भाभींनी बोटांवर मोजलं. "म्हंजी माजी आजून तीन ऱ्हायली म्हन की," असं म्हणून त्यांनी पाण्याला फुंकर घातली, आणि मी माझा चहा प्यायले.