दोघांचा एक कुकर

भेट, देणगी आणि उसनं या तीन गोष्टींचा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका तिटकारा अख्ख्या दिल्लीत कोणाला नसेल. मूळचे वर्ध्याचे, जन्मभर इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलेले, काकू गेल्यापासून एकटे. मुनिरक्यातल्या त्या इमारतीत मी खालच्या खोलीत राहायला आले आणि ओळख व्हावी म्हणून वाटीभर भात घेऊन वर गेले, तर म्हणाले, "परत ने! दिलंस की तू मोकळी, मी मिंधा. सोडियम इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, मीठ होतं. आपण हायड्रोजनसारखं राहू, पोरी. दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवायचा आणि मोजताना दोघांनीही दोन्ही आपलेच धरायचे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून कुकर एक. खालच्या डब्यात त्यांचं वरण, वरच्यात माझा भात. भाजीवाल्याला ते ठणकावून सांगत, "हम दो लोग हैं, भैया," आणि मलाही तेच सांगायला लावत. तो बिचारा आमच्या जिन्यात चार माणसं शोधायचा. एका दिवाळीला मी हौसेने त्यांना स्वेटर आणला, तर थंडीभर एक दिवसाआड तो मला घालायला लावला. बाह्या माझ्या गुडघ्यांपर्यंत. ऑफिसात सगळे फिदीफिदी हसायचे, पण काका बिल्कुल ऐकायचे नाहीत. खरं सांगते, त्या परक्या शहरात मला घरचं असं तेवढंच होतं.

मग माझी पुण्याला बदली झाली. त्यांना सांगितलं तेव्हा ते वरण घोटत होते. "बंध आपोआप तुटत नाही, ऊर्जा लागते," एवढंच म्हणाले. पुढे आठवडाभर गल्लीत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना गाठून विचारत राहिले, माझी खोली घेता का, एका कुकरात जेवाल का. मुलं चांगली होती, पण सगळ्यांचं उत्तर एकच, "काका, आमचा टिफिन आहे ना."

निघताना सामान रिक्षात चढलं, आणि काका कुकर घेऊन खाली आले. घासून लख्ख केलेला.

"घे. तुला दिला."

"दिला? काका, आणि तुम्ही?"

"मीही टिफिन लावलाय."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. नको म्हणायला तोंड उघडलं, पण ते वळून जिना चढायलाही लागले होते. कुकर मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. वरच्या खिडकीत ते उभे असणार, हे ठाऊक होतं. मान वर करून बघायचं धाडस मात्र झालं नाही.