करंजाचा पिंजरा

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, फाटकाजवळचं झाड कुठं गेलं?" मी म्हणाले, वाऱ्यानं पडलं. ते खोटं होतं. तो करंज माझ्या हातून मेला.

तुमची आई परदेशी गेली त्या वर्षी आजोबांनी तो रस्त्याच्या कडेला लावला. परभणीचा उन्हाळा तुम्ही फक्त सुट्टीत पाहिलाय, तोही कूलरसमोर बसून. आमची पुढची खोली पश्चिमेची. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. करंज पाच-सहा वर्षांचा झाला आणि त्याची सावली भिंतीवर आली, तेव्हा कुठं त्या खोलीत दुपारी पडता येऊ लागलं. भाजीवाली टोपली उतरवून तिथंच टेकायची. पोस्टमन सायकल तिथंच लावायचा.

झाड लहान असताना गल्लीतून शेळ्या जायच्या, म्हणून आजोबांनी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पिंजरा करून घेतला. नालीची अडचण होती, त्यामुळं जेमतेम वीतभर रुंद. तीन कडी आणि चार सळया. आजोबा गेल्यावरही मी दर दसऱ्याला पिंजऱ्याला हिरवा रंग देत असे. गंज दिसला की खरवडून काढत असे. मला वाटायचं, मी झाडाची काळजी घेते आहे.

शेळ्या घेऊन जाणारी एक बाई रोज फाटकावरून जायची. एकदा मी रंग देत असताना ती थांबली.

"बाई, ह्याचा गळा आवळायलाय की. काढा ते कडं."

"काढते आणि तुझ्या शेळ्यांना ताट वाढते," मी म्हणाले.

ती हसली. "शेळ्या करंजाला तोंड बी लावत न्हाईत. लय कडू असतंय. तुमी साळंत शिकवलेल्या, तुमाला काय सांगावं."

मी ब्रश डब्यात बुडवला आणि उरलेलं कडं रंगवून टाकलं. शेळ्या हाकणारीनं मला झाडाचं सांगावं, हे मला रुचलं नाही. एवढंच होतं ते. पुढं दोन-तीनदा ती थांबली, मग थांबेनाशी झाली.

गेल्या वर्षी शेंड्याची पानं बारीक यायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दोन बादल्या जास्त घातल्या. फांद्या वाळल्या तेव्हा शेजारच्या गल्लीतले वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक येऊन पाहून गेले. वरच्या कड्यावर खोड दोन्ही बाजूंनी फुगून ओठासारखं मिटलं होतं. लोखंड आत गेलं होतं, माझा हिरवा रंग तेवढा कुठंकुठं दिसत होता. त्यांनी समजावून सांगितलं. पानं जे अन्न करतात ते सालीखालून मुळांकडं उतरतं. कड्यानं ती वाट बंद केली. मुळं किती वर्षं उपाशी होती कोण जाणे.

"आता कापून काढलं तर?" मी विचारलं.

"आता साल सोबत येईल. पिंजरा दोन-तीन वर्षांतच काढायला हवा होता, खोड मनगटाएवढं झालं तेव्हा. शेणखत, आळं, पाणी सगळं बरोबर केलंत तुम्ही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं असावं.

नगरपालिकेची परवानगी काढून झाड उतरवलं. लाकूड नेणाऱ्यांनी सगळं नेलं, फक्त कडं रुतलेला ओंडका टाकून गेले. आत लोखंड आहे, करवतीचं पातं जाईल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती बाई शेळ्या घेऊन आली. ओंडका पाहून थांबली, वाकून त्याच्यावर हात फिरवला. मी फाटकात उभी होते.

"तू सांगितलं होतंस," मी म्हणाले.

"सांगितलं व्हतं." मग म्हणाली, "सायबांनी बसवलेलं व्हतं. काढू वाटलं नसंल तुमाला."

हे मी कुणालाच बोलले नव्हते. स्वतःलाही नाही. मी तिला चहाला बोलावलं. शेळ्या पुढं गेल्यात म्हणाली, आणि गेली.

आता दुपारी पुढच्या खोलीत बसवत नाही. भाजीवाली पलीकडच्या दुकानाच्या शेडखाली बसते. मी नवं झाड लावीन, पण त्याची सावली भिंतीपर्यंत यायला लागणारी वर्षं माझ्याकडं आहेत असं वाटत नाही.

तुम्ही अंगणात लावलेल्या रोपाचा फोटो पाहिला. बांबूला ते प्लॅस्टिकच्या दोरीनं बांधलंय. दोरी आणि खोड यांच्यामध्ये बोट जातं का, उद्या सकाळी पाहा. जात नसेल तर कापून टाका, ती कुणीही बांधलेली असो.