हळू फिरवलेलं चाक

पेरुंगुडीच्या ऑफिसात मी टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची, आणि तक्रार आली की ती खरी आहे का ते बघायचं. आमचं सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवतं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेर नवी सिस्टीम, आत जुनी, आणि बाहेरचा माऊस आतल्यापर्यंत नीट पोचवायचा ही आमची जबाबदारी. बारा वर्षं हेच चाललंय. हल्ली सोमवारी सकाळी खुर्चीत टेकतानाच शुक्रवारची संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

हे मशीन मी घरीही नेलं होतं, सासऱ्यांसाठी, म्हणजे अप्पांसाठी. ते मैलापूरला राहतात. तंजावरकडचं मराठी घराणं, रेल्वेतून निवृत्त. मी साताऱ्याचा, त्यामुळे आमचं मराठी एकमेकांना सुरुवातीला दमवायचं. आता सवय झाली. भाऊबंदांच्या श्राद्धतिथींची यादी अप्पांकडे असते. कुंभकोणमपासून बंगळूरपर्यंत कुणालाही आजीची, चुलत्याची तिथी हवी असली की फोन यांना. चार पिढ्यांची नावं त्यांनी एका जुन्या प्रोग्राममध्ये भरलीत. तो प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून मी जुनी सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये घालून दिली. लॅपटॉप उघडला की थेट यादीच दिसायची. त्याचं त्यांना दुसरं काही काम नव्हतंच.

मागच्या आषाढात त्यांचा उजवा हात गेला. पूर्ण नाही, पण बोटं जड झाली. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिनेच सुचवलं की रोज माऊसचं चाक पहिल्या बोटाने फिरवा, हात सुटेल. मला मोठा उत्साह. मी मऊ चाकाचा नवा माऊस आणला, जुन्यासारखा खटखट न करणारा, लोण्यासारखा फिरणारा. आणि पुढच्या रविवारपासून कटकट सुरू झाली.

"सरकत नाहीं," अप्पा म्हणायचे.

"जरा जोर लावा."

"मी फिरवितोंच आहें."

मी माऊस हातात घ्यायचो, सर्र करून चाक फिरवायचो, यादी धावायची. "बघा, चालतंय की." ते माझ्या बोटाकडे बघायचे, मग स्वतःच्या. डाव्या हाताने बाणाची बटणं दाबा म्हटलं तर म्हणाले, उजवा अजून मेला नाही माझा. माझ्या बायकोचाही धीर सुटत चालला होता. "अप्पा, तुम्ही मनापासून करतच नाही," असं ती एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाली. मी तिथेच वर्तमानपत्र वाचत होतो. मी पान उलटलं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

कार्तिकात कुंभकोणमच्या पुतण्याचा फोन आला. त्याच्या आईचं पहिलंच श्राद्ध, तिथी सांगा. अप्पांच्या डाव्या हातात फोन, उजवा माऊसवर. यादी हलेना. पलीकडे पुतण्या थांबलेला. शेवटी त्यांनी आठवणीने सांगून टाकलं, वद्य त्रयोदशी. श्राद्ध झाल्यावर पुन्हा फोन आला. आमचे शास्त्री द्वादशी म्हणत होते हो काका, पण तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही त्रयोदशीलाच केलं. अप्पांनी फोन ठेवला, लॅपटॉप मिटला आणि कपाटात ठेवून दिला. व्यायामाच्या बाईलाही येऊ नका म्हणून सांगितलं. कुणी तिथी विचारली तर म्हणायचे, मला आता आठवत नाही, दुसऱ्या कुणाला विचारा. दुसरं कुणी नव्हतंच. हात गेला ते त्यांनी सोसलं होतं, पण आपलं डोकंही गेलं असं त्यांनी धरून ठेवलं, आणि त्या घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला.

इकडे ऑफिसात एक तक्रार फिरत होती. कुणा गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, चाक हळू फिरवलं की पान सरकत नाही. मी फिरवून बघितलं, सरकलं. 'आमच्याकडे असं घडत नाही' असं लिहून मी तक्रार बंद केली. आमच्यात हेच चालतं. आपल्या टेबलावर दिसलं नाही म्हणजे नाहीच. ती परत आली, मी परत बंद केली. तिसऱ्यांदा त्या गिऱ्हाइकाने लिहिलं, मला संधिवात आहे, कृपा करून एकदा माझ्या हाताइतकं हळू फिरवून बघा.

मला राग आला. दिवसभर उघडी तक्रार समोर ठेवून बसलो आणि संध्याकाळी निव्वळ ती मिटवायची म्हणून हळू फिरवलं. पान हललं नाही.

मग आत काय पोचतंय ते आकडे उघडून बघितले. चाकाचा एक टप्पा म्हणजे एकशेवीस. जुना माऊस एका खटक्याला सगळे एकशेवीस देतो. मऊ चाकाचा नवा माऊस ते तुकड्यातुकड्याने देतो, पंधरा, पंधरा, पंधरा. जोरात फिरवलं तर तुकडे एकत्र होऊन पोचतात. हळू फिरवलं तर एकेक सुटा येतो, आणि आमचा प्रोग्राम एकशेवीसपेक्षा कमी आलेलं सरळ टाकून देत होता. ते तुकडे बाजूला ठेवून बेरीज करायची, एवढंच होतं. ते कुणी केलं नव्हतं, आणि ते राहिलंय हे पकडायला मला पगार मिळत होता.

अप्पांकडे मऊ चाकाचा माऊस मीच नेला होता. जुना ठेवला असता तरी भागलं असतं.

दुरुस्ती व्हायला माघ उजाडला. त्या रविवारी मी कपाटातून लॅपटॉप काढला आणि दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर त्यात घातलं. अप्पा नको म्हणाले. मी म्हटलं, एकदाच, माझ्यासाठी. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून माऊसवर ठेवला. बोट हललं. काही झालं नाही. परत हललं, परत. मग यादी एक ओळ वर गेली. थोड्या वेळाने आणखी एक.

बायको दारात उभी होती. "बोटात ताकद आली, अप्पा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तिथे गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. सगळे खूश झाले असते. पण मला ते जमेना. मी सांगितलं, ताकदीचं काही नाही, तुमचं बोट फिरतच होतं, आमचं मशीन ते टाकून देत होतं.

अप्पांनी बोट चाकावरून उचललं. "कार्तिकांतही फिरत होतें?"

"होतं."

"तुम्हीं तर इथेंच बसत होतांत."

बायको आत निघून गेली. ते पुन्हा चाक फिरवायला लागले, एकेक ओळ करत, कुंभकोणमच्या पुतण्याच्या आईच्या नावापर्यंत. मला वाटलं होतं थांबतील, पण थांबले नाहीत. कार्तिक वद्य द्वादशी. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि फोन मागितला.

पुतण्याला म्हणाले, "शास्त्री बरोबर होते. मी न पाहतां सांगितलें. चूक माझी आहे." मशीनचं, माऊसचं, जावयाचं नावसुद्धा काढलं नाही.

न पाहता सांगणारा मी होतो, कार्तिकापर्यंत, दर रविवारी. फोन त्यांच्या हातून घेऊन तेवढं म्हणायला हवं होतं. पलीकडून पुतण्या परवाइल्ल, परवाइल्ल, असू द्या काका, म्हणत होता. मी उठलो आणि विचारलं, अप्पा, कॉफी टाकू का.