काकांच्या खुर्चीतली भुतं

आमच्या काकांच्या दुकानात माणसं दाढीसाठी येतात की घाबरायला, हे अजून कोणाला ठरवता आलेलं नाही. गालांना फेस लागतो, मान मागे टेकते, वस्तरा गळ्याशी येतो, आणि नेमके तेव्हाच काका आवाज खाली आणतात. "मग ती बाई जिना उतरते. सावकाश. मागे बघत नाही." गिऱ्हाईक गिळायचंसुद्धा विसरतं.

काकांनी भुताचा एकही सिनेमा सोडलेला नाही. कोणता बघायचा आणि कोणता टाळायचा, हे आमची गल्ली त्यांनाच विचारते. "भूत कसं हवं, तर पाहुण्यासारखं," ते सांगतात. "आधी चाहूल, मग दार, मग जरा ताटकळणं. आल्या आल्या सोफ्यावर पाय पसरणारं भूत काय कामाचं?" बादलीने रक्त ओतणारे सिनेमे त्यांना मुळीच चालत नाहीत. "भीती राहते बाजूला. ही फरशी आता कोण पुसणार, तेवढंच मनात येतं."

पण 'हा सिनेमा टाळा' असा त्यांचा खरा शेरा वेगळाच. त्याची परीक्षा वस्तऱ्यावर व्हायची. संध्याकाळी सिनेमा बघायचा आणि सकाळी पहिली दाढी करायची. हात स्थिर राहिला तर सिनेमा खुशाल बघा. जरा जरी थरथरला, तर सिनेमा जबर आहे, कच्च्या काळजाच्यांनी वाटेला जाऊ नये. असा मान इतक्या वर्षांत एकदोन सिनेमांनाच मिळाला होता.

यंदा मात्र 'टाळा' वाढायला लागले. आधी तळघराचा, मग लिफ्टचा. काकांचा हात हलला म्हटल्यावर आणखी जाहिरात कशाला हवी? समोरच्या औषधवाल्याने दुकान लवकर बंद करून लिफ्टचा सिनेमा गाठला. दुसऱ्या दिवशी तो नाकातल्या आवाजात सांगत होता, "काका, कसलं काय. लिफ्ट अडकली आणि मी घोरायला लागलो. बायकोने हलवून उठवलं, तेवढंच काय ते भयानक."

"तुमचं काळीज दगडाचं," काका म्हणाले.

रोज सकाळी दाढीला येणारे निवृत्त मास्तरही तळघराचा बघून आले. त्यांचं प्रत्येक वाक्य अजूनही फळ्यासमोर उभं राहून सुरू होतं. "म्हणजे काय, की, त्या तळघरातून भूत निघालंच नाही रे. मांजर निघालं."

"पण मांजर बघत कसं होतं, ते बघितलंत का मास्तर?"

दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात काकूंचं पार्लर आहे. काकू बायकांच्या भुवया करतात, आणि दातांत दोरा असला की त्यांना प, ब, म जमत नाहीत. तिकडून आवाज आला, "अहो, आंजर होतं तर आंजर हणा."

मग एकदा औषधवाल्याच्या हनुवटीला वस्तरा लागला. काका तुरटी शोधत घाईघाईने म्हणाले, "काल तो जंगलाचा बघितला ना, त्याचा परिणाम." औषधवाल्याने तो बघितला होता. त्यात नुसती गाणी होती आणि एक हरीण. त्याने स्वतःच तुरटी उचलून हनुवटीला लावली, आरशातून काकांकडे बघितलं आणि म्हणाला, "हो ना. मला तर अर्ध्यातूनच उठावं लागलं."

त्या दिवसापासून सगळी गल्ली घाबरायला लागली. काकांनी कोणताही सिनेमा सांगावा आणि लोकांनी हात जोडावेत, नको रे बाबा. खोटं बोलताना इतकी एकी मी आमच्या गल्लीत कधी बघितली नव्हती. दाढ्या मात्र वाढू लागल्या. कोणाला थंडी वाजत होती, कोणाला बायकोने ठेवायला सांगितली होती. गळा पुढे करायला रोज येणारे एकटे मास्तरच उरले.

काकांनी भुताचे सिनेमे बंद केले. हातासाठी एवढं पथ्य पाळायला ते तयार होते. पहिल्याच संध्याकाळी काकूंबरोबर मटार सोलत त्यांनी लहान मुलांचा सिनेमा बघितला.

सकाळी मास्तर खुर्चीत बसले. फेस झाला, मान टेकली. काकांनी वस्तरा गळ्याकडे न्यायला घेतला आणि तो तिथे पोचायच्या आतच थरथरायला लागला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात थरथरायला लागले.

मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं, "म्हणजे काय, की, काल कोणता बघितलास?"

भुताच्या कोणत्याही सिनेमाचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

"बदकाच्या पिल्लाचा," काका म्हणाले.

"काय होतं त्यात?"

"तळं हरवतं. मग सापडतं."

"भीतीदायकच म्हणायचं."

"नाही मास्तर. मुळीच नाही." काकांनी वस्तरा मिटला आणि टेबलावर ठेवला. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, म्हणून ते खांद्यावरचा टॉवेल घडी करत राहिले.

काकू एका बाईला एकाच भुवईवर सोडून आल्या. दोरा दातांतून काढला, हात धुतले. "सरका."

"अगं, वस्तऱ्याचं काम आहे हे."

"तुमचीच दाढी करून शिकलेय, तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा. कुठे कापलं होतं का?"

"मास्तरांना विचार तरी."

"म्हणजे काय, की, माझी हरकत नाही," मास्तर म्हणाले. "पण मला बदक नको. नीट काहीतरी ऐकव."

"हिला भुताचं सहन होत नाही हो."

"सांगा तुम्ही," काकू म्हणाल्या. "मी काय हाताने ऐकते?" मास्तरांच्या गालावरून पहिली रेघ ओढत त्यांनी हळूच जोडलं, "आणि दुपारी डॉक्टरकडे जायचंय. दोघांनी."

काका "बरं" म्हणाले, स्टूल ओढून मास्तरांच्या उशाशी बसले आणि आवाज खाली आणला.

"एका घरातले सगळे आरसे सकाळी उलटे टांगलेले सापडतात. भिंतीकडे तोंड करून. घरात एक म्हातारी, ती म्हणते, सरळ करू नका."

"थांबा," काकू म्हणाल्या. "एवढा गळा होऊ द्या."

काका थांबले. दुकानात नुसती वस्तऱ्याची खरखर. एका भुवईची बाई उठून अलीकडे येऊन उभी राहिली होती.

"माझी भुवई राहू दे," ती कुजबुजली. "आरसा सरळ कोणी केला, ते आधी सांगा."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मास्तरांची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि म्हणाल्या, "सांगा आता. गळा झाला."