चुडीवाल्या बाईंनी पारखलेला माऊस

गेम खेळायचा बिनतारी माऊस तेव्हा नवलाचा होता. तो घ्यायला मी कुरखेड्याहून चंद्रपूरला गेलो, पण इतका हलका माऊस हाताला जमेल का, ते ठरेना. दुकानदार म्हणाला, "शेजारच्या चुडीवाल्या बाईले दाखवू. बांगड्या भरून भरून हात नाजूक हाय त्यायचा."

पन्नाशीच्या बाई आल्या. त्यांनी माऊस तळव्यावर तोलला, कानाशी हलवला आणि थेट गोळीबाराचा गेम लावला. मी समोरच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि तीनदा मेलो. बाई खुर्चीतच उसळत होत्या.

"बेटा, हातात काई हाय असं वाटूनच नाई राह्यलं!"

"मग घेतो मी," म्हणत मी हात पुढे केला. त्यांनी माऊस झटकन ओढणीत लपवला.

"थांब ना, आणखी एक डाव!"

त्या डावापायी माझी बस सुटली आणि मी हसत हसत पुन्हा मरायला बसलो.