जीपचं हूड आणि आईचं वाचन

जीप घ्यायची अक्कल मला कुणी शिकवली नव्हती, ती माझी स्वतःचीच. कंपनीत लागून दोन वर्षं झाली होती, रस्त्यावर रोज नवनव्या गाड्या दिसत होत्या, आणि मी घरी आणली लष्कराच्या लिलावातली, डोक्यावर छप्पर नसलेली जीप. वडील म्हणाले, "छान. आता शेजारी छत्री धरायला एक माणूस ठेव."

हूड शिवायला मी कसब्यात गेलो. तिथे रिक्षांचे हूड शिवणारे एक काका होते. कॅनव्हास त्यांनी निवडलं, दोरा मी. कंपनीतला एकजण नुकताच अमेरिकेहून परतला होता आणि तिकडे सगळं नायलॉनच्या दोऱ्याने शिवतात, असं त्याने मला पटवलं होतं. काकांनी सुती दोऱ्याचं रीळ पुढे केलं. मी म्हणालो, "अहो काका, सुती दोऱ्याचे दिवस गेले आता."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं. तुम्ही कॉम्प्युटरवाले. तुम्हाला माहीत असणारच."

ही सगळी खटपट आईसाठी होती. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने मंगळवार पेठेतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं, आणि वाचायची आई. लग्नाआधीपासून तीच. आम्ही विश्रांतवाडीला राहायला आलो तरी पांढरी साडी नेसून ती बसने जायची. त्या वर्षी मात्र तिच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवेना. मी नेलं नाही तर वाचनात खंड पडणार होता, आणि आईला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी कंपनीत सकाळची पाळी मागून घेतली.

पहिल्याच पावसात संगम पुलावर हूडने अशी शीळ घातली की पुढचा रिक्षावाला वळून वळून बघायला लागला. वरून आईच्या मांडीवर थेंब. ग्रंथ फडक्यात आणि फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं म्हणून वाचला, साडी नाही वाचली. आता माझी खरडपट्टी निघणार, म्हणून मी मान खाली घालून तयार होतो.

"पाण्याचं राहू दे," आई म्हणाली. "आवाज आधी बंद कर."

"अगं, साडी भिजली ना तुझी!"

"साडी वाळते."

हे काय गौडबंगाल, मला कळेना. पाण्यात बसलेलं माणूस आवाजाची तक्रार करतं? पण माझ्यासारख्याला असं कोडं मिळालं की झोप लागत नाही. मी चक्क कोष्टक केलं: वेग किती, खिडकीचा पडदा उघडा की बंद, शीळ बारीक की मोठी. आई विहारात वाचत असायची तेव्हा मी बाहेर जीपमध्ये बसून ते भरायचो. जिथे थेंब पडायचा तिथे सिलिकॉनची ट्यूब पिळायची, हा दुसरा उद्योग. त्याचा परिणाम एवढाच झाला, की थेंब आईच्या मांडीवरून मानेवर गेला. वडील म्हणाले, "प्रगती आहे. वर सरकतोय."

शेवटी नाक मुठीत धरून, कोष्टक घेऊन मी काकांकडे गेलो. आईला विहारात नेताना ते मागे बसले, आई माझ्या शेजारी. पुलावर शीळ सुरू झाली तशी काकांनी बाहेर हात काढून हूड बांधायचा पट्टा धरला. आवाज बंद! सोडला, चालू!

"हा पट्टा कुणी इतका ताणलाय?"

"मीच."

"सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात थरथरतो, साहेब." गाडी थांबवायला लावून त्यांनी बक्कल सोडलं, पट्ट्याला एक पीळ दिला आणि पुन्हा अडकवलं. संपलं. मी म्हणालो, "एवढंच?"

"एवढंच. तुमच्या कोष्टकात पिळाचा रकाना नव्हता का?"

तोवर आई हूडच्या आतून बोटं फिरवत होती. म्हणाली, "पाणी इथून शिरतंय, पुढून. मग शिवणीवरून सरकत येतं आणि माझ्या अंगावर पडतं." काकांनी तपासलं. अगदी बरोबर होतं. सुई जाते तिथे भोक पडतंच, त्यांनी मला समजावलं. सुती दोरा पाणी पितो, फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. नायलॉन फुगत नाही. सुती दोऱ्याचे दिवस गेले म्हणे. डोंबल!

"उसवून पुन्हा शिवायला आठ दिवस लागतील."

"आठ दिवस नाहीत माझ्याकडे," आई म्हणाली.

"मग ताई, शिवणीवर बाहेरून मेण घासा. दिवाळीपर्यंत निघेल."

घरी आईने डबा काढला. वंदनेनंतर विहारात उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे ती त्यात साठवायची. मी जरा कचरलो. "विहारातल्या मेणबत्त्या, आणि जीपला?"

"उजेड देऊन झालाय त्यांचा. घास मुकाट्याने."

रविवारभर मी ब्लेडने सिलिकॉन खरवडलं, शिवणीवर मेण घासलं आणि वर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली.

सोमवारी धो धो पाऊस. आत एक थेंब नाही, शीळ नाही. मी असा फुगलो होतो की विचारू नका. आणि त्या शांततेत मला शेजारून पुटपुटणं ऐकू आलं. आई त्या दिवशीचा भाग म्हणत होती, ग्रंथ मांडीवर मिटलेला. एका वाक्यापाशी ती अडली. मागे जाऊन पुन्हा आली, पुन्हा तिथेच अडली. मग तिने फडकं सोडलं, ग्रंथ उघडून डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे वळवला.

"आई?"

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत," ती म्हणाली. "वर्षावास संपला की ऑपरेशन करू. दुपारी तुझे वडील वाचून दाखवतात, मी पाठ करते. वाटेत एकदा म्हणून बघायचं असतं रे. पण त्या शिळेत माझं मलाच ऐकू येत नव्हतं."

मला स्वतःची लाज वाटली. महिनाभर मी वाऱ्याचा आवाज मोजत होतो, आणि आई शेजारीच बसलेली होती.

पूल उतरून मी जीप बाजूला घेतली. ते पान कोरडं होतं. मी वाक्य वाचलं, ती माझ्यामागून म्हणाली. पाच-सहा वेळा म्हटलं आम्ही ते.

विहारात पोचायला उशीर झाला. मी जीपमध्ये थांबलो नाही, आत जाऊन पहिल्या रांगेत बसलो. आईने ग्रंथ उघडला आणि वाचायला लागली. ते वाक्य जवळ आलं तशी ती थांबली. माझे ओठ हलायला लागले. मग तिने ते म्हटलं, सगळंच्या सगळं, आणि पान उलटलं.