मंगळावरचा कूलर

अकोल्यात आमच्या घराशेजारी ताहेरचाचांचं दुकान आहे. मार्च ते जून ते कूलर बनवतात. पत्रा कापतात, पंप बसवतात, वाळ्याच्या ताट्या भरतात. पाऊस लागला की गिऱ्हाईक थांबतं आणि चाचा वही उघडतात. अशा सहा पावसाळ्यांत त्यांनी एक कादंबरी लिहिली. मंगळावर चाळीस माणसं अडकतात, बाहेर रणरणती लाल माती, आणि त्यांना वाचवतो अकोल्याचा एक कूलरवाला.

"शास्त्रज्ञ सगळेच पाठवतेत," चाचा म्हणायचे. "मिस्त्री कोणीच पाठवून नाही राहिलं."

मी अमरावतीला मराठीत एम.ए. केलं, म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. "चुका काढ बेटा. लिहाज करू नोको."

मी काढल्या. बाया नुसत्या रडतात. खलनायक चार पानं भाषण ठोकतो. मधली साठ पानं पंपाच्या दुरुस्तीत जातात. चाचांनी निमूट सुधारणा केल्या. एका रडणाऱ्या बाईला तर त्यांनी वस्तीची प्रमुखच केलं. पंपाची पानं मात्र सोडली नाहीत. "तेवढंच तं मले खरं येते." मग पुस्तक स्वतःच छापून घेतलं आणि प्रस्तावना माझ्याकडून लिहून घेतली. मी लिहिलं, 'या कादंबरीतली उष्णता वाचकाच्या अंगाला भाजते.'

प्रकाशन अमरावतीच्या एका वाचनालयात झालं. वीसेक माणसं होती. एप्रिल असूनही चाचा कोट घालून आले होते. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, हाजराबी. मी ते वाक्य वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या.

मग मागच्या रांगेतून वामनराव उठले, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक.

"वाचनालयात आधी आलेली प्रत कालच वाचली. गोष्ट मनातून जात नाही," ते म्हणाले. "पण मंगळ थंड आहे हो. सरासरी उणे साठ."

"काय उणे साठ?" चाचांनी विचारलं.

"तापमान. बर्फाच्याही साठ अंश खाली. तिथं कूलर..." ते अडखळले. "तिथं शेगडी लागेल."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. चाचांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. माझ्या हातातलं पान उघडंच होतं. तीनदा वाचताना मी स्वल्पविराम हलवले होते, विशेषणं खोडली होती. मोबाईल शेजारीच असायचा. लाल माती, पाण्याचा थेंब नाही, म्हणजे आपल्या अकोल्याचा मे महिना. हे तपासावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीपाशी बसले. कोट घडी करून मांडीवर ठेवला होता.

"अजी, मंग हीटर बनवा ना," हाजराबी म्हणाल्या. "पत्रा तं तोच लागते."

चाचा हसले नाहीत. "मी सातवी शिकलो," ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "लाल दिसलं, गरम समजलो. तू काय समजून वाचत होती, बेटा?"

"मी भाषा पाहत होते, चाचा."

"हव. भाषा तं चांगलीच पाहिली तू."

अकोल्याला उतरल्यावर त्यांनी पिशवीतून एक प्रत काढली, खिशातला पेन तिच्यावर ठेवला आणि दोन्ही माझ्या हातात दिली.

"माझी चूक मी निस्तरतो," ते म्हणाले. "तुझं पान तू पाह्य."